चौदाव्या खांबाखाली

मंगळवार, सकाळ

प्रिय मायलो,

ईस्टरच्या जेवणाला मी आले नाही. टेसाचा फोन आला तेव्हा सर्दी झालीय म्हणून सांगितलं, तर तुझ्या लेकीनं डबा भरून पायरीवर आणून ठेवला. हॅम, बटाट्याचं सॅलड आणि जर्दाळू घातलेले दोन कोलाची पाव. गुणाची पोर आहे. मला सर्दीबिर्दी काही झाली नव्हती. त्रेसष्ट वर्षांची झाले मी, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तुझ्या दारात पाऊल टाकायला नको वाटलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला हसवतोस, आणि एकदा का मी हसले की माझा राग कुठल्या कुठे जातो, हे तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. सगळं वाच, मध्येच घडी घालून खिशात कोंबू नकोस.

करकोचे निघाले. काल सकाळी नदीतल्या वाळूच्या बेटावर जेमतेम दोनेकशे उरले होते. दक्षिणेचा वारा सुटला की तेही जातील. दर वर्षी त्यांना निरोप देताना मी म्हणते, या रे बाबांनो पुढच्या वर्षी, मी इथंच आहे. यंदा ते म्हणता येईना. कारण विद्यापीठाच्या जोआनाला मी मार्चमध्येच सांगून बसले होते की पक्षी मोजायचा हा माझा शेवटचा हंगाम. तुला ते कळलं तेव्हा तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "बरं झालं बाई, सुटलीस एकदाची. आता घरात बस, पाय शेगडीकडे करून." किती हलक्या आवाजात म्हणालास ते! मला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणतोय.

अकरा वसंत मी नदीकाठच्या त्या विजेच्या तारांखालून चालले, मायलो. दोन मैल, सव्वीस खांब, उजाडलं की रोज. पाच पावलं टाकायची, थांबायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, पुन्हा पाच पावलं. मेलेला पक्षी सापडला की खांबाचा नंबर लिहायचा, पंख मोडलाय की मान ते लिहायचं. पहिल्या वर्षी तू काय म्हणाला होतास आठवतं? "आर्डी, लोक मेलेलं पाखरू बघून तोंड फिरवतात आणि तू ते शोधत हिंडतेस! गिधाडाच्या घरी जायचीस ती चुकून आपल्या आईच्या पोटी आलीस." मी हातातलं फडकं तुझ्या तोंडावर फेकलं होतं. पण त्याच संध्याकाळी तू मला नदीकाठी नेलंस आणि बोट दाखवून शिकवलंस की जाड तारा पक्ष्यांना दिसतात, त्यांना चुकवायला ते वर उठतात, आणि सगळ्यांत वरची ती बारीक तार, वीज अंगावर घ्यायला ठेवलेली, तिच्यावर आपटतात. ती तार तूच ओढली होतीस. विजेच्या ऑफिसात फोरमन झाल्यावरचं तुझं पहिलं मोठं काम. किती अभिमान होता मला त्या तारेचा, आणि त्या तारेखाली मरून पडलेले पक्षी मीच मोजत होते. आपल्या दोघांत त्यावरून कधी भांडण झालं नाही. मला वाटायचं, आपलं घर किती शहाणं!

आता तुला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगते. सांगायची नाही अशी शपथ होती, पण आता त्या शपथेचं काय लोणचं घालायचंय! मोजणाऱ्याच्या शब्दावर विद्यापीठाची माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. तारांखाली दहा पडले त्यातले मला किती दिसतात, हे त्यांना कळायला हवं ना? म्हणून हंगामात दहा वेळा जोआना आदल्या दिवशी उन्हं कलली की येते आणि फ्रीजरमध्ये ठेवलेला एखादा मेलेला करकोचा गवतात कुठंतरी ठेवून जाते. कधी, कुठे, मला सांगत नाही. त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला, पिसांखाली, दोरा बांधलेला असतो. वरून बघून कळत नाही, पिसं उचलून बघावी लागतात. दर वर्षी रंग बदलतो. मागच्या वर्षी तांबडा, यंदा हिरवा. मला तसला सापडला की मी तिला निरोप धाडायचा, "तुझा पाहुणा भेटला." बस, इतकंच. ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही अशी अट होती, म्हणून मी तुलाही सांगितली नाही. तुझ्यापासून लपवलेली माझी आयुष्यातली ती एकच गोष्ट, आणि तिचंसुद्धा मला वाईट वाटायचं बघ.

नऊ वर्षं माझे दहातले नऊ पाहुणे सापडायचे. एकदा दहाच्या दहा. जोआना म्हणायची, "आर्डिथबाई, तुमच्या डोळ्यांना नजर लागेल." मागच्या वर्षी चार सापडले. यंदा दोन. आणि खरे मेलेले पक्षी, जे दर वर्षी चाळिसाच्या घरात असायचे, ते मागच्या वर्षी अकरा झाले आणि यंदा नऊ. जोआना दुपारी येऊन आपण ठेवलेला पक्षी बघायची तर तोही जागेवर नसायचा. मी म्हटलं, कोल्ह्यानं नेला असेल. ती म्हणाली, कोल्हा नेतो पण पिसांचा पसारा मागं ठेवतो, तो तरी तुम्हाला दिसायला हवा होता. चिडून नाही म्हणाली, फार हळुवार म्हणाली. त्यानंच मला जास्त लागलं. मी त्याच जागी गुडघ्यांवर बसून गवत विंचरून बघितलं. एक पीस नाही. मग मला काय वाटणार? वाटलं, संपलं. दिसत नाही आपल्याला.

एकोणतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. बर्फात, धुक्यात, रस्त्यात हरणं उभी असताना. एका लेकराला ओरखडा आला नाही. माझ्याकडे रूप नव्हतं, नवरा नव्हता, शिक्षण बारावी. डोळे तेवढे होते. तेही गेले असं वाटल्यावर मी काय काय सोडलं ते तुला माहीत आहे, कारण सोडताना दर वेळी तू शेजारी उभा होतास. चर्चची गाडी चालवायची सोडली. माझा लाल ट्रक टेसाला देऊन टाकला, किल्ली तुझ्याच हातात ठेवली. म्हटलं, उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर मी कुठल्या नरकात जाऊ. तू किल्ली घेतलीस. मान खाली घातलीस आणि घेतलीस. मला वाटलं, भावाला भरून आलंय.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं? तूच. शहरापर्यंत एक तास गाडी चालवलीस, वाटेत खिमा-कोबी भरलेला रुंझा पाव खाऊ घातलास, मी कोबी सांडला म्हणून चिडवलंस. डॉक्टर म्हणाला, "बाई, या वयात असे डोळे मी फार कमी बघितलेत, वाचायला हलका चष्मा घ्या वाटलं तर." मी बाहेर येऊन रडले, कारण मला वाटलं तो माझी समजूत काढतोय. त्या वेळी तू एक शब्द बोलला असतास, मायलो! "डॉक्टर खरं सांगतोय, आर्डी," एवढे चार शब्द. त्याऐवजी तू मला दुकानात नेलंस आणि म्हणालास, "तो सोनेरी काडीचा घे, म्हातारपणी तरी जरा नखरा कर." मी हसले. म्हटलं ना, तू मला हसवतोस.

आता गुड फ्रायडेचं सांगते. तुझ्या परसातल्या आईच्या वाफ्यात गुड फ्रायडेला बटाटे लावायचे, हे आपल्या घरात तुझ्या जन्माआधीपासून चालत आलंय. तिच्या आजारपणातही चुकलं नाही, ती खिडकीत खुर्ची टाकून ओरडायची, "डोळा वर, डोळा वर! पालथं बेणं लावाल तर चीनमध्ये उगवेल." यंदा तू मला सांगितलंस, "या वर्षी नको. जमीन थकलीय, विसावा घेऊ दे. बटाटे मी बाजारातून आणीन." मला वाटलं, मला वाफे दिसणार नाहीत म्हणून हा सावरून घेतोय. मग माझ्यातला हट्ट जागा झाला. त्या दिवशी वाऱ्यानं फांदी तारेवर पडली म्हणून तुला कामावर बोलावलं, हे टेसानं सांगितलं. मी तिला म्हटलं, मला बापाच्या घरी सोड, त्याला चकित करू या. बेण्याची पिशवी मांडीवर घेऊन गेले मी. कालव्यापलीकडच्या गवताळ रानात कुदळ घुसत नाही हे तुला माहीत आहे, आणि आईचा वाफा पन्नासाहून जास्त वर्षं मऊ केलेला. कुदळ हातभर आत गेली आणि कशात तरी अडकली.

आधी वाटलं, तुम्ही पुरलेला तुमचा जुना कुत्रा. मग लांब पायाचं हाड दिसलं, राखाडी पिसं दिसली. मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती काढली. आणि मायलो, मी त्याची मांडी उचलून बघितली. सवय रे, अकरा वर्षांची सवय. हिरवा दोरा होता.

मी खोदत गेले. एकाखाली एक, नीट, माना दुमडून ठेवलेले. तुझं काम पहिल्यापासून स्वच्छ. दोरा नसलेले किती ते मोजले नाहीत, वीसच्या पुढे गेल्यावर थांबले. हिरवे दोरे आठ, ते सोडून खिशात ठेवले. मागल्या बाजूला, कुजलेल्यांत, तांबडे तीन सापडले, पुढे खोदलं नाही. सगळे पुन्हा झाकले, माती सारखी केली, कुदळ धुऊन जागेवर ठेवली आणि टेसाला म्हटलं, जमीन अजून थंड आहे गं, पुढच्या आठवड्यात बघू. आठ आणि दोन दहा. मला जे दिसले नाहीत ते तिथं नव्हतेच. माझ्याआधी, उजाडायच्या आत, तू पक्षी उचलून नेत होतास, आणि मागची पिसंसुद्धा एकेक करून वेचत होतास. माझा भाऊ.

आणि तो थर्मास! मागच्या मार्चमध्ये चौदाव्या खांबाखाली मला तुझा थर्मास सापडला होता. केवढा आनंद झाला होता मला, की हा पहाटे उठून आपल्या तारेची काळजी घेतोय. घरी नेऊन घासला, गरम कॉफी भरली आणि तुला आणून दिला. तू म्हणालास, "बोल्ट ढिला होता गं." डोळ्याला डोळा न देता कप भरून घेतलास. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना रे?

तू हे का केलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. बर्फाचं वादळ मीही भोगलंय. तारा तुटून अकरा दिवस वीज नव्हती, आणि आईचं ऑक्सिजनचं यंत्र पहिल्याच दिवशी कपाटाइतकंच कामाचं उरलं होतं. शेवटची टाकी संपली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता आणि तू कुठल्या तरी खांबावर होतास. आलास तेव्हा तुझ्या दाढीत बर्फ होतं. तिच्या पायाशी बसून म्हणालास, "आर्डी, माझी तार पुन्हा पडायची नाही." तीन वर्षांपूर्वी पक्ष्यांना तार दिसावी म्हणून जोआनानं तारेवर त्या फिरत्या पिवळ्या चकत्या लावायचं काढलं तेव्हा तू सभेत एकदाच बोललास, की चकत्यांवर बर्फ धरेल, वारा धरेल, तार खाली येईल. लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आणखी काही हंगाम किती पक्षी मरतात ते बघू. त्या दिवसापासून तू गप्प झालास. मला वाटलं, पटलं असेल.

तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. टेबलावर मूठ आपटून म्हणायचं होतंस, "तुला पाखरं प्यारी की माणसं?" मी तुला चार शिव्या दिल्या असत्या, तू मला सहा दिल्या असत्यास, महिनाभर बोललो नसतो. आपलेच दात, आपलेच ओठ. कदाचित मला तुझं पटलंही असतं. मी जोआनाला सांगितलं असतं की बाई, बर्फ पेलेल अशी काहीतरी चकती शोधा, माझ्या भावाला आधी दाखवा. पण तू भांडला नाहीस. तू पक्षी लपवलेस, ते मी एक वेळ गिळीन. जोआनाचे पाहुणे उचललेस ते तुला ठाऊक नव्हतं, तेही समजते; शपथ मोडून मी तुला सांगितलं असतं तर तेवढे तू जागेवर ठेवले असतेस आणि मला जन्मात काही कळलं नसतं. पण मी आंधळी होत चालले असं मला वाटतंय, हे तू रोज बघत होतास. माझा हात धरून पायऱ्या उतरवत होतास. मला पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या रे! तरी तू हात दिलास म्हणून मी धरायची. ते मला गिळवत नाही. चार दिवस झाले, गिळवत नाही.

तू नऊ वर्षांचा असताना बंदुकीनं खांबावरच्या, तारा बांधायच्या काचेच्या चिमण्या फोडल्या होत्यास, आठवतं? विजेच्या ऑफिसातला तो उंच माणूस दारात आला. आई कामावर गेली होती. त्यानं विचारलं, "कोणी फोडल्या?" तू माझ्या पाठीशी, माझा ड्रेस मुठीत धरून. मी एकोणीस वर्षांची घोडी, म्हटलं, "मी फोडल्या." सगळा उन्हाळा त्यांच्या आवारातलं गवत कापलं त्यापायी. तू दुपारी मला लिंबाचं सरबत आणून द्यायचास आणि कुंपणावर बसून लाइनमन लोकांना बघायचास. तिथंच तुला खांबावर चढायचं वेड लागलं. मला त्या गवताचा कधी पस्तावा झाला नाही, आजही नाही.

परवा गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे, चकत्या लावायच्या की नाही ते ठरवायला. तू फोरमन म्हणून पुढच्या रांगेत असशील. तुमच्या विजेच्या ऑफिसाचा वकील उठून म्हणणार की पक्षी मरायचे थांबलेत, आणि कुणी आकड्यावर शंका घेतली तर म्हणणार की मोजणारी बाई आंधळी झालीय, तिचं सगळंच सोडून द्या. म्हणजे दोन्हीकडून तुमचंच. तेव्हा मी उठणार आहे. डॉक्टरचा कागद आणि हिरवे दोरे टेबलावर ठेवणार आहे. कुठे सापडले असं विचारतील, तर आमच्या आईच्या बटाट्याच्या वाफ्यात, असं सांगेन. मग ते विचारतील, कोणी पुरले? या वेळी मी उत्तर देणार नाही, मायलो. तुझं नावही घेणार नाही आणि माझंही सांगणार नाही, खाली बसेन. बर्फाचं, आईचं, तारेचं जे काही तुला सांगायचंय ते तिथं उभा राहून तूच सांग, आणि सांगितलंस तर तुझ्या शेजारी येऊन बसेन मी, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आज जोआनाला कळवलंय की पुढच्या वर्षीही मीच चालणार. ट्रक टेसाकडेच राहू दे, तिला शोभतो. पाकिटात आठवा दोरा आहे, तो तुझा. सोनेरी काडीचा चष्माही त्यातच ठेवलाय, मला लागत नाही.

तुझीच,
आर्डी